मुलाखतीचा निकाल कळणे हा उमेदवाराचा हक्क आहे

ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यात स्पर्धा परीक्षांची मुले शास्त्री रस्त्यावर उतरली. त्यांच्या मुख्य मागण्यांपैकी एक अशी होती की एमपीएससीची पूर्वपरीक्षा आणि बँकांची आयबीपीएसची परीक्षा २५ ऑगस्टला एकाच दिवशी येते आहे, तेव्हा आयोगाने तारीख बदलावी. आयोगाला परीक्षा पुढे ढकलावी लागली. या मुलांचे हाल कमी नाहीत, जागा थोड्या आणि उमेदवार लाखो. पण त्यांच्या हातात काही गोष्टी आहेत. परीक्षेनंतर आयोग उत्तरतालिका प्रसिद्ध करतो, तिच्यावर हरकती मागवतो, मग अंतिम तालिका लावतो. कटऑफ जाहीर होतो. परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहता येते, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच दिला आहे.

त्याच शहरात हिंजवडी, खराडी आणि मगरपट्ट्यात रोज कितीतरी मुलेमुली सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी मुलाखती देतात. त्यांना यातले काहीही मिळत नाही. पगार किती ते आधी कळत नाही. कशावर जोखणार ते सांगत नाहीत. मुलाखत झाल्यावर ‘आम्ही कळवू’ म्हणतात आणि बहुतेक वेळा कळवत नाहीत. सरकारी परीक्षेत एक प्रश्न चुकीचा निघाला तर आपल्याकडे मोर्चा निघतो. आयटीतल्या मुलाखतीत चार फेऱ्यांनंतर कंपनी गप्प बसली तर घरचे म्हणतात, ‘असू दे, दुसरीकडे बघ.’ मी बरीच वर्षे पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि मुलाखतीच्या पॅनलवर बसतो. माझे म्हणणे असे आहे की मुलाखत दिलेल्या प्रत्येकाला ठरलेल्या मुदतीत निकाल आणि त्याचे कारण मिळालेच पाहिजे, आणि ही गोष्ट कंपनीच्या मर्जीवर सोडून चालणार नाही.

आधी उमेदवाराच्या बाजूने पाहू. फ्रेशरला, म्हणजे नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्याला, पहिली चाळणी लागते ती पात्रतेची. दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि पदवी, सगळीकडे साठ टक्के, म्हणजे ‘सिक्स्टी थ्रूआउट’. बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय, नको, शिक्षणात गॅप नको. बारावीला घरी आजारपण होते म्हणून अठ्ठावन्न टक्के पडलेल्या मुलाने पुढे इंजिनिअरिंगला कितीही चांगले केले तरी अनेक कंपन्यांचा फॉर्म त्याला पुढे सरकू देत नाही. त्यानंतर ऑनलाइन ॲप्टिट्यूड, कॅमेरा चालू ठेवून. नजर स्क्रीनवरून हलली की वॉर्निंग. मग कोडिंग, मग एक किंवा दोन टेक्निकल राउंड, मॅनेजरचा एक, आणि शेवटी एचआर. नांदेड किंवा जळगावहून आलेला मुलगा या काळात नऱ्हे-आंबेगावला किंवा कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहतो, मेसचा डबा लावतो, सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचा सहा महिन्यांचा डॅक किंवा एखाद्या खासगी क्लासचा जावा फुलस्टॅकचा कोर्स करतो. प्रत्येक महिना वाढला की घरून पैसे मागवावे लागतात. त्याच्यासाठी ‘आम्ही कळवू’ या दोन शब्दांचा अर्थ पुढच्या महिन्याचे भाडे असा असतो. नकार आला असता तर तो तरी मोकळा झाला असता.

अनुभवी माणसाचे दुखणे वेगळे. त्याच्या हातातल्या नोकरीचा नोटीस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर काम करत राहण्याचा काळ, ९० दिवसांचा, आणि नव्या कंपनीला हवा ‘इमिजिएट जॉइनर’, लगेच रुजू होणारा. पहिल्याच फोनवर तीन प्रश्न ठरलेले असतात: सध्याचा सीटीसी, म्हणजे वर्षाचे एकूण पॅकेज, किती, अपेक्षा किती, नोटीस किती. आपल्या पगाराच्या स्लिपा त्याने द्यायच्या, पण या जागेसाठी कंपनीने किती रक्कम ठेवली आहे हे विचारले तर उत्तर येते, ‘ॲज पर मार्केट स्टँडर्ड्स.’ वर शनिवार-रविवार खर्ची घालून घरी करायची असाइनमेंट. ती कोणी उघडून पाहिली का, हे कळायला मार्ग नाही.

ही शांतता होते कशी, हे आतून पाहिल्याशिवाय पटत नाही. बाहेरून वाटते की एचआरमधली माणसे बेफिकीर आहेत. तसे क्वचितच असते. खरे कारण कामाच्या रचनेत आहे. समजा एका जागेसाठी दोन उमेदवार चांगले निघाले. पहिल्याला ऑफर गेली. त्याला नोटीस ९० दिवसांची. या तीन महिन्यांत तो त्याच ऑफरच्या जोरावर आणखी दोन ठिकाणी मुलाखती देणार, हे सगळ्यांना ठाऊक असते. तो आलाच नाही तर? म्हणून दुसऱ्याला नकार कळवत नाहीत. त्याला ‘होल्ड’वर ठेवतात. त्याचा फोन आला की ‘प्रोसेसमध्ये आहे’ असे सांगतात. पहिला तीन महिन्यांनी रुजू झाला की दुसऱ्याची फाइल बंद होते, आणि तेव्हा इतके दिवस झालेले असतात की कळवायला कोणाची जीभ रेटत नाही. म्हणजे एका माणसाच्या नोटीस पिरियडची किंमत दुसरा माणूस वाट पाहून चुकवतो, आणि त्याला ते माहीतही नसते.

दुसरे कारण क्लायंटचे. सेवा देणाऱ्या कंपन्यांमध्ये जागा अनेकदा प्रोजेक्ट मिळण्यावर अवलंबून असते. प्रोजेक्ट मिळेल या आशेवर मुलाखती सुरू होतात, क्लायंटचा निर्णय लांबतो, जागा गोठते. काही वेळा तर क्लायंटला ‘आमच्याकडे माणसे तयार आहेत’ हे दाखवण्यापुरतेच रेझ्युमे गोळा केलेले असतात. जाहिरात खरी, मुलाखत खरी, जागा मात्र नाही. उमेदवाराने रात्र रात्र जागून ट्री आणि ग्राफचे कोडिंगचे प्रश्न सोडवलेले असतात ते या नसलेल्या जागेसाठी. हे मला सर्वांत अन्यायाचे वाटते, कारण इथे उमेदवार कमी पडलेलाच नसतो. आपण कुठे कमी पडलो ते तो मात्र शोधत बसतो.

आता एक गोष्ट जी बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. मुलाखत संपली की पॅनलवरच्या माणसाला कंपनीच्या सिस्टिममध्ये फीडबॅक भरावा लागतो. पाचपैकी गुण, प्रत्येक कौशल्याचे वेगळे, आणि ‘रिजेक्ट’ निवडले तर शेरा सक्तीचा. शेरा लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. अर्थात सगळीकडे हीच पद्धत असेल असे नाही, पण मोठ्या कंपन्यांत असे काहीतरी असतेच. म्हणजे नकाराचे कारण लेखी तयार असते. त्यासाठी कोणाला नव्याने वेळ काढावा लागत नाही. ते फक्त ज्याच्याबद्दल लिहिले आहे त्याच्यापर्यंत जात नाही.

ते जावे असे मी म्हणतो त्याचे आणखी एक कारण आहे. कारण दाखवावे लागले तर ते विचार करून लिहावे लागते. आजच्या मुलाखती नेमके काय मोजतात याबद्दल शंका घ्यायला भरपूर जागा आहे. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितले की कोड्यांचे प्रश्न म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील यासारख्या प्रश्नांवरून पुढच्या कामाचा काही अंदाज येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तरी ‘दोन दोऱ्या जाळून पंचेचाळीस मिनिटे मोजा’ हा प्रश्न आपल्याकडे अजून विचारला जातो, आणि तो पाठ करून आलेला मुलगा हुशार ठरतो. निवडीच्या पद्धतींवरच्या जुन्या संशोधनाची २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी फेरतपासणी केली. त्यात कामाचा अंदाज देण्यात सर्वांत वर आली ती ठरीव मुलाखत, म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न आणि उत्तरे जोखायचे निकष आधी ठरलेले. पॅनलवरचा माणूस दोन मीटिंगांच्या मधल्या वेळात रेझ्युमे उघडून सुचेल ते विचारतो, ती मुलाखत यात बसत नाही.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. प्रश्न एकच. काहींनी तो खोलीत एकट्याने फळ्यावर सोडवायचा, काहींनी परीक्षकासमोर, मोठ्याने बोलत. कोणीतरी पाहते आहे एवढ्यानेच कामगिरी निम्म्याहून खाली आली. एकट्याने सोडवणाऱ्या गटातल्या सर्व मुलींचे उत्तर बरोबर आले, परीक्षकासमोरच्या गटात एकाही मुलीचे आले नाही. नमुना लहान होता, तेव्हा यावरून मोठा सिद्धान्त काढू नये. पण पॅनलवर बसणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट ओळखीची वाटते.

मराठवाड्यातली एक मुलगी आठवते. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेली. ऑनलाइन मुलाखत, स्क्रीन शेअर केलेली. आम्ही तिला एसक्यूएलचा, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेचा, नेहमीचा प्रश्न दिला: कर्मचाऱ्यांच्या टेबलमधून दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढा. तिने पगार उतरत्या क्रमाने लावून दुसरी ओळ उचलणारी क्वेरी लिहिली. माझ्या सहकाऱ्याने इंग्रजीत विचारले की वरचा पगार दोघांना सारखाच असेल तर काय होईल. ती थांबली. कर्सर एकाच जागी लुकलुकत राहिला. त्याने प्रश्न पुन्हा इंग्रजीतच विचारला. ती ‘सॉरी सर’ म्हणाली. मी तोच प्रश्न मराठीत विचारला. ती लगेच म्हणाली, ‘सर, मग डिस्टिंक्ट लावावं लागेल, नाहीतर दुसऱ्या ओळीतही तोच आकडा परत येईल.’ आणि बोलता बोलता तिने सारखे आकडे एकदाच धरणारा तो शब्द क्वेरीत घातलाही. पॅनलवरचे आम्ही दोघेही मराठी होतो. तरीही फॉर्ममध्ये सहकाऱ्याचा शेरा पडला तो ‘कम्युनिकेशन वीक’ असा, आणि माझे गुण धरूनही सरासरी खाली आली.

इंग्रजी लागते, हे मी नाकारत नाही. क्लायंटशी बोलायचे असते, मेल लिहायचे असतात. मग ते वेगळे तपासा, त्याचे गुण वेगळे धरा आणि आधी सांगा. एक मेल लिहून घ्या, एक बग इंग्रजीत समजावून सांगायला लावा. पण डेटाबेसच्या प्रश्नाचे गुण इंग्रजीच्या धास्तीमुळे कापले जात असतील तर त्या मुलीला ते कळायला हवे. तिला काय कळले? काहीच नाही. तिने कदाचित पुढचे तीन महिने एसक्यूएलच पुन्हा घोकले असेल, जे तिला येतच होते.

निवड झाली तरी प्रश्न सुटत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या आणि प्रशिक्षण पूर्ण केलेल्या फ्रेशरांना साडेतीन लाखांवर येण्याचा प्रस्ताव दिला. इन्फोसिसने २०२२ च्या बॅचमधल्या सुमारे दोन हजार मुलांना ऑफर देऊन दीड-दोन वर्षे रुजू करून घेतले नाही, म्हणून पुण्यातल्या ‘नाइट्स’ या कर्मचारी संघटनेने २०२४ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. दिलेली प्रत्येक ऑफर पाळू असे कंपनीच्या प्रमुखांनी नंतर जाहीर केले आणि रुजू होण्याच्या तारखा निघाल्या. पण मधल्या काळात त्या मुलांनी काय करायचे होते? ऑफर हातात आहे म्हणून कॉलेजने त्यांना पुढच्या कंपनीला बसू दिलेले नसते. ‘एक विद्यार्थी, एक नोकरी’ हा प्लेसमेंट सेलचा नियम विद्यार्थ्याला बांधतो. त्याच्या जोडीचा कंपनीला बांधणारा नियम बहुतेक कॉलेजांकडे नाही.

कंपन्यांच्या बाजूनेही ऐकले पाहिजे, आणि त्यांचे सगळे म्हणणे पोकळ नाही. एका जाहिरातीला हजारो अर्ज येतात, सगळ्यांना कोण उत्तर देणार, असे म्हणतात. मान्य. अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला कारण द्या असे मी म्हणतच नाही. ज्याला तुम्ही बोलावले, तासभर समोर बसवले, त्याला द्या. अशी माणसे फार नसतात. दुसरे म्हणणे, कारण दिले की वाद होतात, उद्या कोणी कोर्टात जाईल. गुणांच्या चार ओळींवरून कोर्टात जाणारा क्वचित. आणि ज्या कारणावरून कोर्टात जाता येईल ते कारण मनात ठेवूनही चालणार नाही. तिसरे म्हणणे अधिक वजनदार आहे: उमेदवारही फसवतात. खोटा अनुभव विकणाऱ्या कन्सल्टन्सी आहेत, मुलाखतीला एक जण आणि कामावर दुसराच असे प्रकार घडतात, हल्ली तर दुसऱ्या खिडकीत एआयकडून उत्तर घेऊन वाचून दाखवतात. गूगलसारख्या कंपनीनेही २०२५ मध्ये निदान एक फेरी समोरासमोर घेण्याकडे परत वळत असल्याचे सांगितले. समोर बोलवा, माझी हरकत नाही. मात्र गोंदियाहून पुण्याला येण्याचा खर्च मग कंपनीने द्यावा. आणि ऑफर घेऊन न येणाऱ्या उमेदवारांबद्दल तक्रार करणाऱ्यांनी आपला ९० दिवसांचा नोटीस पिरियड महिन्यावर आणून पाहावा. पळवाट शोधायला तीन महिने आपणच देतो.

राहता राहिले ‘आम्ही खासगी आहोत’ हे उत्तर. हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क एमआयडीसीच्या जमिनीवर उभे आहे. राज्याच्या २०२३ च्या आयटी धोरणात मुद्रांक शुल्क आणि वीज शुल्कात सवलती आहेत, जादा चटईक्षेत्र आहे. जनतेच्या पैशातून सवलत घेताना रोजगार निर्मितीचा आकडा सांगितला जातो. मग तो रोजगार देण्याची रीत कशी असावी, हे विचारण्याचा हक्क त्याच जनतेला आहे. सवलतीच्या कागदपत्रांत एक अट वाढवणे सरकारला अवघड नाही.

आणि हे नुसते मनातले मांडे नाहीत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०२१ पासून नोकरीच्या जाहिरातीत पगार लिहिणे सक्तीचे आहे. कॅनडातल्या ऑन्टॅरियोत १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना जाहीर जाहिरातीत पगाराची मर्यादा लिहावी लागते, जागा खरोखर रिकामी आहे की नाही ते सांगावे लागते, चाळणीला एआय वापरत असाल तर तेही, आणि मुलाखत दिलेल्या उमेदवाराला ४५ दिवसांच्या आत निर्णय झाला की नाही हे कळवावे लागते. आपल्या कितीतरी मराठी मुलांनी टोरंटोच्या आसपास नोकऱ्या धरल्या आहेत. त्यांना तिथे जे उत्तर मिळणार, ते त्यांच्या बावधनमधल्या धाकट्या भावंडाला का मिळू नये?

सरकार करेल तेव्हा करेल. तोवर कॉलेजांनी करण्यासारखे एक काम आहे. २०१६ मध्ये सर्व आयआयटींच्या संयुक्त प्लेसमेंट समितीने ऑफर मागे घेणाऱ्या किंवा रुजू करून घ्यायला उशीर लावणाऱ्या ३१ कंपन्यांवर बंदी घातली होती. आयआयटी एकत्र होत्या म्हणून ते जमले. सांगलीच्या किंवा शेगावच्या एकट्या कॉलेजचा प्लेसमेंट अधिकारी हे करू शकत नाही. कंपनी पुढच्या वर्षी येणार नाही, या भीतीने तो पगाराची फोड विचारतानाही कचरतो, आणि त्या भीतीला दोष देता येत नाही. पण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ, लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ यांच्या संलग्न कॉलेजांमधून दर वर्षी किती इंजिनिअर बाहेर पडतात! या तीन विद्यापीठांनी मिळून कंपन्यांसाठी एकच फॉर्म केला, तर ‘आम्ही येणार नाही’ असे कोण म्हणेल?

त्या फॉर्मवर फार काही नको. हातात येणारा पगार वेगळा आणि व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर कमीजास्त होणारा भाग, वेगळा. ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड असेल तर किती वर्षांचा, किती रकमेचा. फेऱ्या किती, कोणत्या कौशल्याला किती गुण, मुलाखत कोणत्या भाषेत देता येईल. शेवटच्या फेरीनंतर किती दिवसांत निकाल आणि गुणांचा शेरा मिळेल. रुजू होण्याची तारीख, आणि ती टळली तर त्या महिन्यापासून काय भत्ता देणार. तारीख ठरावीक महिन्यांपलीकडे गेली तर विद्यार्थ्याला ‘एक नोकरी’च्या नियमातून सूट. खाली कंपनीची सही. आयटीत काम करणाऱ्या माझ्या वयाच्या पुष्कळ जणांची मुले आता अकरावी-बारावीला आहेत. आपापल्या कंपनीच्या एचआरला आणि आपल्या जुन्या कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याला हा फॉर्म दाखवायला त्यांनी यंदाचा हंगाम सुरू होण्याआधी एक मेल लिहावा.